जुना चाळीस चॅनेलचा सीबी २९ मेगाहर्ट्झवर आणताना

सीबी (सिटिझन्स बँड, २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सर्वसामान्यांचा रेडिओ) सेट हौशी रेडिओच्या दहा मीटर पट्ट्यात आणायचा, म्हणजे त्याची ट्रान्समिट फ्रिक्वेन्सी बदलायची म्हटले की नवशिका माणूस झाकण उघडून आधी ‘ट्रान्समिटचा क्रिस्टल’ (पाठवण्याची फ्रिक्वेन्सी ठरवणारा स्फटिक) शोधतो. १०.६९५ मेगाहर्ट्झचा एक क्रिस्टल सापडतो, तो काढून दुसरा बसवला जातो, आणि मग सेट बोलतो एकीकडे व ऐकतो दुसरीकडे. चूक हाताची नसते, हिशेबाची असते. म्हणून हिशेब आधी.

इथे घेतलेला सेट म्हणजे अमेरिकी धाटणीचा, फक्त एएमवर चालणारा, पीएलएल-०२ए ही फ्रिक्वेन्सी जागेवर धरून ठेवणारी आयसी आणि तीन क्रिस्टल असलेला. १ जानेवारी १९७७ला अमेरिकेत तेवीसचे चाळीस चॅनेल झाले, त्यानंतर असे सेट ढिगाने निघाले. झाकण उघडल्यावर १०.२४०, १०.६९५ आणि ११.८०६६ हे तीन आकडे दिसले तर पुढचे सगळे तुमच्या सेटला लागू आहे. दुसरे आकडे दिसले तर पद्धत हीच, गणित मात्र नव्याने मांडा.

हे काम हौशी रेडिओचा परवाना असलेल्यांसाठी आहे. भारतात हा परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते आणि दहा मीटरचा पट्टा २८ ते २९.७ मेगाहर्ट्झ आहे. विनापरवाना वापराची आपल्याकडची सीबीची मुभा २६.९५७ ते २७.२८३ एवढीच आहे. म्हणजे अमेरिकी सेटचा अठ्ठाविसावा चॅनेल (२७.२८५) आधीच तिच्या बाहेर जातो. परवाना नसेल तर सेट उघडू नका.

सेटमधले गणित

१०.२४० मेगाहर्ट्झला आयसी १०२४ने भागते, त्यातून १० किलोहर्ट्झची पायरी मिळते. ११.८०६६चा क्रिस्टल तिप्पट होऊन ३५.४२ मेगाहर्ट्झ देतो. व्हीसीओ (कंट्रोल व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर) पहिल्या चॅनेलला ३७.६६०वर असतो. त्यातून ३५.४२ वजा केले की २.२४ उरतात, आणि आयसी त्याला २२४ने भागून १० किलोहर्ट्झशी ताडून पाहते. चाळिसाव्या चॅनेलला हाच भागाकार २६८ असतो. पाठवताना व्हीसीओतून १०.६९५ वजा होतात आणि २६.९६५ बाहेर पडतात. ऐकताना तोच व्हीसीओ आलेल्या सिग्नलमध्ये मिसळून १०.६९५चा पहिला आयएफ (मधली फ्रिक्वेन्सी) देतो, आणि १०.२४० पुन्हा कामाला येऊन ४५५ किलोहर्ट्झचा दुसरा.

आता कोणाला हात लावायचा ते उघड आहे. १०.६९५ बदलला तर फक्त ट्रान्समिट सरकते. १०.२४० बदलला तर पायरी आणि दुसरा आयएफ दोन्ही बिघडतात. ११.८०६६ बदलला तर पाठवणे आणि ऐकणे दोन्ही एकत्र सरकतात. आयसीच्या भागाकाराच्या पिना उचलून मजल मारण्याची युक्ती पुष्कळ जण सुचवतात. पण हे सर्किट २.२४ ते २.६८ मेगाहर्ट्झसाठी बेतलेले आहे. आपल्याला २.०३५ची उडी हवी, म्हणजे २०३.५ पायऱ्या. आणि अर्धी पायरी नावाची गोष्ट इथे नसते.

पहिला चॅनेल नेमका २९.०००वर आणायचा. तिप्पट केलेली फ्रिक्वेन्सी ३७.४५५ हवी, म्हणजे क्रिस्टल १२.४८५ मेगाहर्ट्झ. ताळा: ३७.४५५ अधिक २.२४ म्हणजे ३९.६९५, वजा १०.६९५ म्हणजे २९.०००.

दहा मीटरवर एएमची वस्ती प्रथेने २९.०००पासून २९.२००पर्यंत असते, म्हणजे आपले चॅनेल १ ते १७. त्याच्या वर २९.३००पासून उपग्रहांचा भाग सुरू होतो. चॅनेल २६ नेमका २९.३००वर पडतो, म्हणून २६ ते ४० वापरायचेच नाहीत. (२३, २४, २५ हे तीन चॅनेल क्रमाने नसतात, २३ हा २४ आणि २५च्या वर असतो. मोजताना गोंधळू नका.)

क्रिस्टल की मोड्यूल

क्रिस्टल मागवताना चार गोष्टी लिहून द्या: १२.४८५० मेगाहर्ट्झ, फंडामेंटल, पॅरलल रेझोनन्स, आणि मूळ क्रिस्टलइतकाच लोड कपॅसिटन्स. हा शेवटचा आकडा सेटच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा, अंदाजाने लिहू नका. क्रिस्टल ५० पीपीएमने (दहा लाखांत ५० भागांनी) चुकला तर २९.०००वर जवळजवळ १.९ किलोहर्ट्झचा फरक पडतो, कारण चूकही तिप्पट होते.

एकच क्रिस्टल बनवून घेणे महाग आणि वेळखाऊ. एसआय५३५१चे मोड्यूल (हवी ती फ्रिक्वेन्सी तयार करणारी छोटी पाटी) व ते चालवायला छोटा आर्डुइनो नॅनो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन सहज मिळतात. जुना क्रिस्टल काढा, मोड्यूलचा १२.४८५चा आउटपुट १०० ओहम व १ नॅनोफॅरडमधून ऑसिलेटर ट्रान्झिस्टरच्या बेसवर द्या. चौकोनी लाटेत तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सी) मुळातच असतो, पुढचा ट्यून केलेला कॉइल तो उचलतो. मोड्यूल पत्र्याच्या डबीत ठेवा आणि डबी चेसिसला डाग देऊन पक्की करा, नाहीतर रिसीव्हरमध्ये सतत शिट्टी ऐकू येईल.

हात लावण्याआधी

लागणारे सामान: १३.८ व्होल्टचा, करंट मर्यादा लावता येणारा पॉवर सप्लाय (मर्यादा ३ अँपिअर), फ्रिक्वेन्सी काउंटर, मल्टिमीटर, जमल्यास ऑसिलोस्कोप, प्लास्टिकचे ट्यूनिंग पेचकस. लोखंडी पेचकस कॉइलमध्ये घातला की ट्यूनिंग लगेच हलते आणि फेराइटचा स्लग (कॉइलमधला फिरता गाभा) फुटला तर तो पुन्हा कधी फिरत नाही. स्लग मेणाने बसवलेला असेल तर हेअर ड्रायरने कोमट करा, जोर लावू नका.

डमी लोड (चाचणीसाठी अँटेनाच्या जागी लावायचा भार) घरीच करा: १ किलोओहमचे, अर्ध्या वॉटचे वीस कार्बन फिल्म रेझिस्टर समांतर, म्हणजे ५० ओहम आणि १० वॉट. तारेचे रेझिस्टर चालत नाहीत, ते कॉइलसारखे वागतात. त्यावर १एन४१४८ डायोड व १० नॅनोफॅरड लावले की नुसत्या कॅरियरवर (आवाज न मिसळलेल्या लाटेवर) मल्टिमीटरने पॉवर कळते: व्होल्टेजमध्ये ०.६ मिळवा, वर्ग करा, १००ने भागा. ४ वॉटला सुमारे १९.४ व्होल्ट दिसतात.

सेट मूळ अवस्थेत चालवून चॅनेल १ आणि ४०ला व्हीसीओचा कंट्रोल व्होल्टेज मोजा आणि कागदावर लिहा. ट्रान्समिटची फ्रिक्वेन्सी व पॉवरही लिहा. प्रत्येक कॉइलचा फोटो घ्या. जो सेट मुळातच बिघडलेला आहे त्यावर हे काम करू नका. आधीचा बिघाड कोणता आणि आपण केलेला कोणता, हे नंतर कळत नाही.

फेरबदल

१२.४८५ बसवला की सेट गप्प होईल. दिवे लागतील, पण ऐकू काही येणार नाही आणि ट्रान्समिटही होणार नाही. घाबरू नका. व्हीसीओ अजून ३७.६६च्या आसपास आहे, लूप (आयसी आणि व्हीसीओचे एकमेकांना ताडून धरणारे वर्तुळ) जुळलेला नाही, म्हणून आयसीच्या सहाव्या पिनने ट्रान्समिटर बंद धरला आहे. ही पिन लॉक झाल्यावर वर जाते.

आधी तिपटीचा कॉइल ३७.४५५वर आणा. त्यानंतर व्हीसीओ. चॅनेल १ लावून कंट्रोल व्होल्टेजवर मल्टिमीटर ठेवा आणि व्हीसीओचा स्लग हळूहळू बाहेर घ्या. इंडक्टन्स साधारण १० टक्के कमी करायचा आहे. एका जागी व्होल्टेज एकदम खाली येऊन स्थिर होतो, तिथे लूप लॉक झाला. मग स्लग आणखी थोडा फिरवून व्होल्टेज कागदावरच्या आकड्याशी जुळवा. चॅनेल २५पर्यंत बदलून पाहा, व्होल्टेज पायरीपायरीने सरकला पाहिजे. कुठेही उडी दिसली तर लूप कड्यावर उभा आहे.

स्लग पूर्ण बाहेर येऊनही लॉक होत नसेल तर टँकचा (व्हीसीओच्या कॉइलबरोबरचा) कपॅसिटर एक पायरी खालचा लावा, ४७ पिकोफॅरड असेल तर ३९. तो एनपीओ जातीचाच हवा. साधा सिरॅमिक लावला तर सेट गरम होताच फ्रिक्वेन्सी सरकते. काउंटर व्हीसीओच्या कॉइलला थेट लावू नका, प्रोबचा भारच लूप तोडतो. बफरच्या पुढे मोजा.

आता ट्रान्समिट. डमी लोड लावलेला असू द्या. मिक्सरनंतरचे कॉइल, मग प्री-ड्रायव्हर, ड्रायव्हर, शेवटी फायनलचा टँक, या क्रमाने प्रत्येक जास्तीत जास्त पॉवरवर आणा. २७.२वरून २९.१वर जाताना इंडक्टन्स १२-१३ टक्के कमी लागतो, म्हणजे बहुतेक ठिकाणी स्लग बाहेर. ट्यूनिंग चॅनेल ९च्या आसपास करा, कडेच्या चॅनेलला नको. सगळ्यात मोठा फसवा प्रकार इथेच घडतो: स्लग जास्त बाहेर गेला की मिक्सरचा कॉइल ३९.७वरच्या व्हीसीओला किंवा १०.६९५च्या तिसऱ्या हार्मोनिकला (३२.०८५) उचलतो आणि पॉवर मीटर खुशाल भरभरून दाखवतो. म्हणून प्रत्येक कॉइलनंतर काउंटर पाहा. २९.१००च्या आसपासचा आकडा दिसत नसेल तर मीटरच्या काट्याला भुलू नका. चॅनेल ९ म्हणजे २९.१०० नेमका.

४ वॉट झाले की थांबा. जास्त कॅरियर काढाल तर मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर तेवढा आवाज पुरवू शकत नाही आणि समोरच्याला तुम्ही मोठे पण मुके ऐकू येता. स्कोपवर ४ वॉटचा कॅरियर शिखर ते शिखर ४० व्होल्ट दिसतो, पूर्ण मॉड्युलेशनला ८०. त्याच्या आधीच तळाशी रेघ सपाट होत असेल तर माइकचा गेन कमी करा.

आउटपुटला लागूनच एक ट्रॅप (नको असलेली फ्रिक्वेन्सी अडवणारे सर्किट) असतो, मूळ सेटमध्ये तो ५४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या दुसऱ्या हार्मोनिकसाठी असतो. आता हार्मोनिक ५८.२वर सरकला, म्हणून ट्रॅपही सरकवावा लागतो. हे काम बहुतेक लोक विसरतात, कारण ट्रॅप चुकल्याने पॉवर कमी होत नाही. टायनीएसए किंवा आरटीएल-एसडीआर या स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या छोट्या उपकरणांवर (मध्ये भरपूर अ‍ॅटेन्युएटर घालून) ५८.२ किमान होईल अशी जागा शोधा.

रिसीव्हरचे फक्त पुढचे दोन-तीन कॉइल हलवायचे: अँटेनाचा, आरएफ अ‍ॅम्प्लिफायरचा, मिक्सरचा. १०.६९५ आणि ४५५चे कॅन (आयएफचे पत्र्याच्या डबीतले कॉइल) तसेच ठेवा. सिग्नल म्हणून तोच एसआय५३५१, दुसऱ्या आउटपुटवर २९.१०० लावून, तारेचा छोटा तुकडा अँटेनाच्या जवळ धरला तरी पुरतो. सिग्नल जोरात असेल तर एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारे सर्किट) सगळे झाकून टाकते, म्हणून तार लांब नेत जा.

शेवटी फ्रिक्वेन्सी: चॅनेल १ला काउंटरवर २९.०००० दिसेपर्यंत क्रिस्टलचा ट्रिमर फिरवा. ट्रिमर नसेल आणि आकडा वर असेल तर क्रिस्टलला समांतर काही पिकोफॅरड लावा. अर्धा तास सेट चालू ठेवून पुन्हा मोजा.

अँटेनाही सात टक्क्यांनी लहान होते. १०२ इंची, म्हणजे २.५९ मीटरचा व्हिप (सळईची अँटेना) २९.१साठी सुमारे २.४२ मीटर लागतो, डायपोलचे दोन हात प्रत्येकी साधारण २.४६ मीटर. आधी थोडे लांब ठेवा, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या लाटेचे माप) पाहून कापा. कापलेली तार जोडता येते, पण कापलेला व्हिप नाही.

झाकण लावण्याआधी चॅनेलच्या पाटीवर नवे आकडे चिकटवा. २६ ते ४०वर लाल फुली मारा.