रेसच्या गाडीला स्प्रिंग बरोबर बसलीय का, टेपने पाच मिनिटांत कळतं

ऑफरोड रेसच्या गाडीला स्प्रिंग हार्ड की सॉफ्ट यावर लोक तासन् तास बोलतात, पण शॉकचा (शॉक ॲबसॉर्बरचा, ज्याच्याभोवती स्प्रिंग असते) रॉड मोजला की अर्धा वाद तिथंच संपतो.

१. टाकी फुल, स्टेपनी, टूल सगळं जागेवर आणि ड्रायव्हर सीटवर. रिकाम्या गाडीवर मोजू नका, तो आकडा काहीच कामाचा नाही.
२. गाडी थोडी पुढेमागे ढकला, बंपर दाबून सोडा म्हणजे ती आपल्या उंचीवर बसते.
३. आता रॉड किती आत गेलाय ते बघा. साधारण एक तृतीयांश हवा, म्हणजे १२ इंच ट्रॅव्हलच्या (रॉड एकूण जेवढा आत-बाहेर सरकतो तेवढ्या) शॉकला ४ इंच आत आणि ८ इंच धक्के खायला शिल्लक.

जास्त आत गेला तर कॉलर (स्प्रिंग धरून ठेवणारी आट्यांची रिंग) फिरवून प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब, वाढवा, पण एक लक्षात ठेवा की प्रीलोडने गाडीची उंची वाढते, स्प्रिंग हार्ड होत नाही, आणि उंची मिळवायला कॉलर खूपच आवळावी लागत असेल तर ती स्प्रिंग सॉफ्टच आहे, सरळ बदला. उलट चाक लटकवल्यावर स्प्रिंग तिच्या बैठकीवर सैल खुळखुळत असेल तर बहुतेक वेळा ती गरजेपेक्षा हार्ड असते.

रॉडवर एक झिप टाय (प्लास्टिकची पट्टी) आपोआप घसरणार नाही पण ढकलली तर सरकेल इतपत घट्ट बांधून ठेवा, प्रॅक्टिसनंतर ती कुठवर सरकली त्यावरून शॉक तळाला टेकला का ते दिसतं.

कॉलर फिरवताना चाक हवेत आणि चॅसी स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर अजिबात नाही.