डिफरन्शियलचं तेल बदलायला घेण्याआधी

पाना हातात घेण्याआधी गाडीचं मॅन्युअल घ्या. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढचा डिफरन्शियल (ॲक्सलमधली, डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी), मागचा डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद पोचवणारी पेटी) यांची तेलं स्वतंत्र असतात आणि ती एकाच जातीची असतील असं धरून चालू नका. डिफरन्शियलला बहुधा जीएल-५ दर्जाचं (जीएल हा गिअर ऑइलचा दर्जा) ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० (हे दाटपणाचे आकडे) लागतं. मॅन्युअल गिअरबॉक्स मात्र पुष्कळदा जीएल-४ मागतो, कारण जीएल-५ मधली गंधकयुक्त रसायनं गिअर अलगद पडू देणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना मानवतीलच असं नाही. ट्रान्सफर केसमध्ये कुठे गिअर ऑइल असतं, कुठे चक्क एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. डिफरन्शियल क्लचप्लेटवाला लिमिटेड-स्लिप (एकच चाक फुकट फिरू न देणारा) असेल तर तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचं घर्षण जुळवणारं रसायन) आहे का ते डब्यावर वाचा. नसेल तर वेगळी बाटली आणा, नाहीतर वळणावर मागून खरखर ऐकू येईल. प्रत्येक ठिकाणी किती लिटर लागतं ते कागदावर टिपून ठेवा आणि एखादा लिटर जास्तच घ्या, कारण थोडं सांडतंच.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ही गाडी थंड असतानाच करायची. आधी फिलर प्लग (तेल भरायच्या भोकाचं बूच) सैल होतो का ते बघा, मगच ड्रेन प्लगला (तेल काढायच्या खालच्या बुचाला) हात लावा. तेल काढून टाकलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही. गंजावर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. प्लगचं डोकं कसं आहे तेही आधीच बघा. कुठे षटकोनी बोल्ट असतो, कुठे ॲलन कीची खाच, तर कुठे चौकोनी खाच, जिच्यात रॅचेटचं टोक थेट बसतं. ॲलन की ठोकून पूर्ण आत बसवा आणि लांब दांड्याने जोर द्या. अर्धवट बसलेल्या कीने खाच एकदा गोल झाली की पुढचं काम वेल्डरचं.

गाडी वर घ्यायची असेल तर चारही बाजूंनी स्टँडवर घ्या. एकच टोक उचललं तर तेलाची पातळी चुकते. सपाट जमिनीवर खाली शिरता येत असेल तर उचलूच नका, हे माझं सरळ मत. उचलताना एक धोका ध्यानात ठेवा. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर गिअर टाकून किंवा ऑटोमॅटिक ‘पी’मध्ये ठेवूनही चाकं मोकळीच राहतात. काही गाड्यांचा हँडब्रेक प्रॉपेलर शाफ्टवर (ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर) काम करतो, तिथे एक मागचं चाक उचललं की तोही गाडी धरून ठेवत नाही. म्हणून जमिनीवरच्या चाकांना ठोकळे हवेतच.

बाकी सामान किरकोळ आहे. पसरट भांडं, चिंध्या, हातमोजे, टॉर्क पाना, प्रत्येक प्लगसाठी नवा वॉशर आणि तेल भरायचा हातपंप. फिलरचं भोक आडवं आणि अडचणीत असतं, तिथे नरसाळ्याचा उपयोग नाही. जुने कपडेच घाला, गिअर ऑइलचा वास धुऊनही जात नाही.

तेल काढण्याआधी दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासकट उतरेल. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसला तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारा तुकडा किंवा गिअरच्या दाताची कपची सापडली तर मात्र नवं तेल ओतण्याआधी डिफरन्शियल उघडायला हवा. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. तापलेला ॲक्सल ओढ्यात उतरला की एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदर (ॲक्सलमधली हवा ये-जा करायची वाट) तुंबलेला असेल तर पाणी सीलमधून ओढलं जातं. त्यामुळे ब्रीदर साफ करणं याच दिवसाच्या यादीत घाला.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मी या यादीत धरलेला नाही. बऱ्याच गाड्यांत त्याची पातळी तेलाच्या ठरावीक तापमानालाच बघावी लागते. ती सोय नसेल तर ते काम गॅरेजला द्या.

जुन्या तेलासाठी झाकणाचे रिकामे डबे आधीच बाजूला काढा. त्यात कूलंट किंवा ब्रेक ऑइल मिसळू देऊ नका, भेसळ झालेलं तेल पुनर्वापरासाठी सहसा कोणी घेत नाही.