छोट्या पक्ष्यांचे फोटो: या चुका टाळा (मी सगळ्या केल्यात)

नोव्हेंबर उजाडला की पक्षीवेड्यांच्या ग्रुपवर एकाच छापाचे फोटो येऊ लागतात. पानांच्या गर्दीत एक हिरवट पोट, वर अर्धी चोच आणि खाली प्रश्न: "हा कोण?" पोट अगदी शार्प असतं. पण नुसत्या पोटावरून पर्णवटवट्या (लीफ वॉर्ब्लर) ओळखायचा कसा?

हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या या बोटभर पाहुण्यांत सहज दिसणारा म्हणजे ग्रीनिश वॉर्ब्लर. त्याच्या पंखावर बहुधा एकच बारीक, फिकट पट्टी असते. ह्यूम्स वॉर्ब्लरला दोन, त्यातली खालची चांगली ठसठशीत. पोटाच्या फोटोत हे काहीच येत नाही. त्यात हिवाळा संपता संपता पिसं झिजतात आणि ग्रीनिशची ती एकुलती पट्टीही पुसट होते. म्हणून एक देखणा फोटो मिळाला की कॅमेरा खाली ठेवू नका. पक्षी पाठमोरा होऊ दे, मान वाकडी करू दे, पंख साफ करू दे, तुम्ही बटण दाबत राहा. रेकॉर्ड शॉट, म्हणजे ओळख पटवण्यापुरता काढलेला फोटो, सुंदर नसला तरी चालतो, त्यात पंख, भुवई आणि पाय दिसले म्हणजे झालं.

आणि ओळख पटेपर्यंत फसलेले फोटो उडवू नका. कडुनिंबाखाली उभं राहून टिपलेला एक वॉर्ब्लर मी दोन वर्षं 'टिकेल्स' या पिवळ्या पोटाच्या पर्णवटवट्याच्या नावाने जपून ठेवला होता, कारण पोट पिवळंधमक दिसत होतं. त्याच मालिकेतला सातवा फोटो किंचित हललेला, म्हणून कधी उघडलाच नव्हता. त्यात पक्षी शेंड्यावर, उन्हात आलेला. पोट मळकट पांढरं आणि पंखावर पट्टी! टिकेल्सला पट्टी नसतेच. पानांतून गाळून आलेल्या उजेडाने त्याचं पोट रंगवलं होतं आणि मी फसलो. तेव्हापासून सावलीतल्या रंगावर माझा भरवसा नाही. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढतो, म्हणजे व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडामुळे बदललेले रंग, नंतर सुधारता येतो.

बाभळीत बसलेल्या पक्ष्याचा फोटो हमखास काट्यावर फोकस होतो. फोकसचा सगळ्यात लहान पॉइंट निवडा आणि तो डोळ्यावर धरा. शटरचा वेग 1/1000 सेकंदाच्या खाली नको, मग आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) 3200 वर गेला तरी जाऊ दे. त्याने फोटोत येणारे दाणे सॉफ्टवेअरने कमी होतात, हललेलं पीस जागेवर येत नाही. मागे उजळ आभाळ असेल तर एक्स्पोजर (फोटोतला उजेड) एखादा स्टॉप, म्हणजे एक पायरी, वाढवा, नाहीतर हाती फक्त काळी सावली लागते. नंतर ते पुन्हा शून्यावर आणायला विसरू नका. (विसरालच.)

ऋतू न पाहणं ही आणखी एक चूक. विणीच्या हंगामात काळानिळा चमकणारा जांभळा शिंजीर हंगाम सरला की मादीसारखा पिवळट होतो. फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद रेघ उरते. त्या रेघेमुळे कितीतरी जणांनी त्याला 'नवीन पक्षी' ठरवलंय.

कान बंद ठेवून फिरणं तर सगळ्यात महागात पडतं. ग्रीनिशची दोन स्वरांची हाक धोबी पक्ष्याच्या हाकेशी मिळतीजुळती असते. एकदा कानात बसली की पक्षी दिसायच्या आधीच कळतो. शिंपी पक्षी एवढासा, पण ओरडताना गळ्याच्या बाजूला काळा डाग उघडा पडतो. राखी वटवट्या झुडपातून उडताना कट्कट् असा आवाज करतो. दहा सेकंदांचं मोबाइल रेकॉर्डिंग अनेकदा शंभर फोटोंना भारी पडतं. पक्षी ओळखून देणारं मर्लिन ॲप उपयोगी आहे, पण त्याला ठिकाण आणि तारीख खरी द्या. पहिलं सुचवलेलं नाव उचलून मोकळं होऊ नका, खालची दोन-तीन नावंही ताडून पाहा.

राहिला प्रश्न पक्षी समोर आणायचा. त्याचाच आवाज मोबाइलवर लावला तर नर येतो खरा, पण हद्दीत कुणी परका घुसला म्हणून, चारापाणी सोडून. घरट्यापाशी ताटकळत उभं राहणंही तसंच. कावळ्याला वाट दाखवायचा तो सोपा उपाय आहे. त्यापेक्षा उन्हाळ्यात सिंहगडच्या पायथ्याला एखाद्या झिरपत्या डबक्यापासून जरा लांब, झाडाला टेकून बसा. पाऊण तास काहीच घडत नाही. मग चष्मेवाल्या पक्ष्यांचा थवा एकदम उतरतो, आणि त्यांच्या मागोमाग तुमचा वॉर्ब्लर पाण्याकाठच्या दगडावर येतो, पूर्ण उघड्यावर, पंखावरच्या पट्टीसकट.