शाळेचं सामान घ्यायचंय? आधी जुनं दप्तर उलटं करा

शाळेची यादी हातात पडली की थेट दुकान गाठायचं, ही चूक मी सलग 3 वर्षं केली. आता आधी जुनं दप्तर, कंपास पेटी, टेबलाचे ड्रॉवर सगळं जमिनीवर ओतते आणि पोरांनाच वेगवेगळे ढीग करायला बसवते. गेल्या वेळी 7 शार्पनर निघाले आणि मी यादीत आठवा लिहून ठेवलेला!

सगळ्यात जास्त माल वह्यांत अडकलेला असतो. अर्धवट वही दिसली की कोरी पानं टरकन ओढू नका, मधोमध पिन असलेल्या वहीत एकेक कागद मधे दुमडलेला, म्हणजे पाठपोट धरून चार पानांचा असतो, एक ओढलं की पुढचं लिहिलेलं सुटतं. पिना नीट उघडायच्या. समजा 200 पानी वहीची पहिली 60 पानं लिहून झालीयेत, तर मधले 20 जोडकागद अख्खे कोरे मिळतात, म्हणजे 80 पानं, ती मधे शिवली की वही तयार. आणि शेवटची 60 पानं सुटी होतात, ती भोकं पाडून दोऱ्यात ओवली की गणिताच्या कच्च्या कामाला झाली. कंटाळवाणं काम आहे खरं, पण एका दुपारी उरकतं.

नवीन वह्या घेताना वरची किंमत बघून काही कळत नाही, किमतीला पानांनी भागायचं, आणि भागायच्या आधी दोन्ही वह्यांचा आकार सारखाच आहे ना ते बघायचं कारण छोट्या वहीत पानं जास्त दिसतात आणि आपण फसतो. कागद फारच पातळ असेल तर शाई मागे उमटते, मग पोरं एकाच बाजूला लिहितात आणि स्वस्त वही दुप्पट महाग पडते. दुकानातच एक पान उजेडाकडे धरून बघा.

पेन्सिलींचा मोठा बॉक्स घ्या पण पोरांना दाखवू नका. खरंच. समोर बॉक्स असला की पेन्सिल हरवल्याचं कुणाला काही वाटत नाही. मी तो कपाटात वर ठेवते, जुना तुकडा आणून दाखवला की नवीन मिळते. रोजच्या लिहिण्याला एचबी बरी, 2बी मऊ असते, ती लवकर झिजते आणि सारखं टोक करावं लागतं. टोक सारखं तुटतंय तर आधी शार्पनरचं पातं बोथट झालंय का बघा, आमच्या 7 मधले 2 तसलेच होते, ते फेकले. किंवा पेन्सिल पडून आतलं शिसंच तुटलेलं असतं, तिला कितीही छिला. खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून बसतो आणि दोन्ही खराब होतात, म्हणून त्याचं कागदी कव्हर काढू द्यायचं नाही.

दप्तरावर मात्र काटकसर नको. पट्टे जिथे अंगाला जोडलेत तिथली शिलाई ओढून बघा, तळाला दुहेरी कापड आहे का बघा. चित्र कुठलं आहे त्याला महत्त्व देऊ नका, आवडता हिरो वर्षभरात नावडता होतो आणि धडधाकट दप्तराबद्दल रडारड सुरू होते. चेन बिघडली म्हणून लगेच दप्तर टाकू नका, बऱ्याचदा फक्त रनर ढिला झालेला असतो, पकडीने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला की चेन पुन्हा लागते. जोरात दाबलात तर तुटेल, ते मी करून बसलेय.

पाठ्यपुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलांकडून घेता येतात, फक्त अभ्यासक्रम बदललेला नाही ना आणि आवृत्ती तीच आहे ना एवढं आधी विचारा, नाहीतर फुकटातलं पुस्तक फुकट जातं.

युनिफॉर्म घेताना खाली दुमड जास्त ठेवलेला निवडा, उंची वाढली की उसवून सोडता येतो. बुटांना मात्र हा नियम लावू नका, खूप मोठे बूट पोरं घासत चालतात आणि टाचा आधी जातात.

आणि सगळं एकदम घेऊ नका. वह्या, पेन्सिली, दप्तर एवढं पुरे, बाकी रंग, चिकटपट्टी, क्राफ्टचे कागद वगैरे टीचर पहिल्या आठवड्यात काय सांगतात ते ऐकून घ्या. आम्ही एकदा यादीतला ग्राफ पेपरचा गठ्ठा आधीच आणला, तो अजून कोराच आहे, आता धाकटीच्या चित्रकलेला वापरतोय.