आयतं किती, कमावलेलं किती: कॉलेजचा क्वार्टरबॅक एनएफएलमध्ये टिकेल का, हे कसं ओळखावं

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, आणि तिचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडून घेतात तो ड्राफ्ट. १९९८ च्या ड्राफ्टआधी या जगात एकच वाद पेटला होता: आधी कुठला क्वार्टरबॅक घ्यावा, पेटन मॅनिंग की रायन लीफ? टेनेसी विद्यापीठाचा मॅनिंग अभ्यासू, वक्तशीर, पण म्हणे हातात तेवढी ताकद नाही. वॉशिंग्टन स्टेटचा लीफ धिप्पाड आणि हात म्हणजे तोफ. इंडियानापोलिस कोल्ट्सनी पहिल्या क्रमांकावर मॅनिंगला उचललं. सॅन डिएगो चार्जर्सनी दुसरा क्रमांक ॲरिझोनाकडून भरपूर मोजून मिळवला आणि लीफला घेतलं. पुढे मॅनिंग पाच वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लीफची अख्खी कारकीर्द १४ टचडाउन (गुण मिळवून देणारे पास) आणि ३६ इंटरसेप्शनवर (समोरच्यांनी पळवलेले पास) आटोपली.

ज्यांचं पोटच या पारखीवर चालतं त्यांची ही गत, मग घरी बसून सामने पाहणाऱ्यांनी कशाला नाक खुपसावं? मजा म्हणून, हे एक. दुसरं असं की तज्ज्ञ जिथे घसरतात ती वळणं बहुतेक वेळा तीच असतात आणि ती शिकून घेता येतात.

खेळ नवा असणाऱ्यांसाठी एवढंच: जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि दोन-अडीच सेकंदांत तो कुणाला द्यायचा किंवा कुठे फेकायचा हे त्याला ठरवावं लागतं. शाळा सोडून तीन वर्षं झाली की खेळाडू एनएफएलच्या ड्राफ्टला पात्र होतो. ड्राफ्टच्या फेऱ्या सात, संघ ३२, आणि आदल्या हंगामात तळाशी राहिलेला संघ सर्वांत आधी निवड करतो. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पारखताना प्रश्न एकच धरून ठेवायचा. या पोराच्या यशात आयतं किती आणि त्याने स्वतः कमावलेलं किती?

पायरी १: आकडे घ्या, पण सोलून घ्या

सुरुवात अचूक पासांच्या टक्केवारीपासून करा, कारण सगळे तिथूनच करतात. पण ७० टक्के पाहून हुरळू नका. कॉलेजमधल्या कित्येक संघांचा खेळ स्क्रीन पासांवर चालतो. चेंडू रेषेच्या मागेच शेजारच्याला द्यायचा आणि बाकीचं काम त्याच्या पायांवर सोडायचं. असे पास वजा करा. मग उरलेल्यांत १०-१५ यार्डांपलीकडचे पास आणि तिसऱ्या डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) आठ-दहा यार्ड हवे असतानाचे पास वेगळे काढा. तिथे समोरच्यांना पास येणार हे ठाऊक असतं, त्यामुळे लपायला जागा नसते.

एक गंमत नवख्यांना माहीत नसते. कॉलेजच्या हिशोबात क्वार्टरबॅक सॅक झाला (चेंडू हातात असतानाच पाडला गेला) की गेलेले यार्ड त्याच्या धावण्याच्या खात्यातून कापले जातात, पासांच्या नाही. त्यामुळे चेंडू धरून बसणाऱ्याचे पासाचे आकडे कॉलेजात स्वच्छ दिसतात आणि पाप दुसऱ्याच रकान्यात नोंदलं जातं.

मग किती सामने सुरुवातीपासून खेळला ते पाहा. जुन्या पिढीतले नामांकित प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांचे ठोकताळे प्रसिद्ध आहेत: पोरगा शेवटच्या वर्षाचा हवा, पदवी घेतलेला हवा, तीन वर्षं मुख्य क्वार्टरबॅक असलेला आणि किमान २३ विजय गाठीशी असलेला हवा. मिचेल ट्रुबिस्कीने नॉर्थ कॅरोलिनासाठी जेमतेम १३ सामने सुरू केले होते. तरी २०१७ मध्ये शिकागो बेअर्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि पस्तावले. पण अनुभव जास्त म्हणजे चांगलाच, असंही नाही. हल्ली विद्यापीठ बदलणं सोपं झालंय, पोरं पाच-पाच वर्षं कॉलेजात खेळतात. बो निक्स ड्राफ्टला आला तेव्हा त्याने ६१ सामने सुरू केलेले होते आणि वय होतं २४. चोविशीतला गडी एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना झोडपत असेल तर त्या धावा पाट्या खेळपट्टीवरच्या समजून थोड्या कमीच धरायच्या.

पायरी २: अख्खा सामना पाहा, आणि पाय पाहा

क्षणचित्रं बंद करा. दोन मिनिटांच्या तुकड्यांत प्रत्येक क्वार्टरबॅक देव दिसतो. चार सामने निवडा: सर्वांत तगड्या बचावाविरुद्धचा, एक हरलेला, एक पावसापाण्यातला आणि एक वेगळ्या हंगामातला. महाराष्ट्रात बसून पाहणाऱ्यांना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शनिवारी रात्री साडेनऊपासून रविवारी सकाळपर्यंत कॉलेजचे सामने पुरतात. झोप हवी असेल तर रेकॉर्डिंग बरं, कारण या कामात मागे-पुढे फार करावं लागतं.

चेंडू स्नॅप होण्याआधी, म्हणजे चाल सुरू होण्याआधी, चित्र थांबवा. बचावफळीच्या पाठीमागे किती सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) उभे आहेत, एक की दोन? आता चालू करा. स्नॅपनंतर त्यांनी जागा बदलली का? बदलली असेल, तर क्वार्टरबॅकला ते कळलं का? टीव्हीच्या चौकटीत खोलवरचे सेफ्टी अनेकदा दिसतच नाहीत, तेव्हा रीप्लेची वाट पाहावी. मग त्याच्या हेल्मेटचं तोंड कुठे वळतं ते बघा. पहिल्या रिसीव्हरकडे (पास झेलणाऱ्याकडे) पाहिलं, तो अडकलाय, मग दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे, हे घडतंय की पहिला बंद दिसताच साहेब धूम ठोकतात? त्याच वेळी पायांकडेही लक्ष असू द्या. डोक्यात गोंधळ झाला की आधी पाय नाचायला लागतात.

सर्वांत मोलाची खूण मात्र चेंडू सुटण्याच्या क्षणात असते. रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू हातातून निघाला, तर समजा त्याने जागा डोळ्यांनी पाहिली नव्हती, मनात ओळखली होती. रिसीव्हर पूर्ण मोकळा दिसल्यावरच जो फेकतो त्याला कॉलेजात काही तोटा होत नाही. एनएफएलमध्ये तेवढा मोकळा रिसीव्हर क्वचितच भेटतो.

मैदानाचाही यात हात आहे. चेंडू ज्या हॅश मार्कांवर ठेवतात त्यांच्या दोन रांगा कॉलेजात ४० फूट अंतरावर असतात, एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांवर. त्यामुळे कॉलेजात चेंडू एका कडेला सरकलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला माळरान पसरलेलं असतं. वेगवान पोरांना तिकडे सोडायचं आणि बचाव ताणला जायची वाट पाहायची. एनएफएलमध्ये हे माळरानच नाहीसं होतं. याच अंतराचा उलटा उपयोगही होतो: चेंडू डाव्या हॅशवर असताना उजव्या कडेला फेकलेला पास शोधा. तो सपाट आणि वेळेत पोचला तर हाताच्या ताकदीची चौकशी तिथेच संपली.

नियमातला आणखी एक फरक लक्षात घ्या. चेंडू धावणाऱ्याच्या हातात द्यायचा की फेकायचा हे स्नॅपनंतर ठरवण्याच्या चालीला आरपीओ म्हणतात. पास फेकला जाणार असला तरी कॉलेजात लाइनमन (क्वार्टरबॅकला राखणारी पुढची फळी) तीन यार्ड पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये एकच. लाइनमन पुढे धावले की बचाववाले फसतात, म्हणून ही चाल कॉलेजात सोन्याची कोंबडी आहे. ज्याच्या यशाचा मोठा वाटा आरपीओचा, त्याच्या पुढे ‘आयतं’ लिहा.

पायरी ३: अंगावर आले की काय करतो?

मला एकच आकडा निवडायला सांगितला तर मी हा निवडेन: ज्या चालींत समोरचे अंगावर आले, त्यांतल्या किती चाली सॅकमध्ये संपल्या. सॅक झाला की आपण लाइनमनना शिव्या घालतो. पण दबाव येणं बरंचसं त्यांच्या हातात आणि दबावाचा सॅक होऊ देणं बरंचसं क्वार्टरबॅकच्या. शिवाय ही सवय कॉलेजातून एनएफएलपर्यंत बरोबर येते. बाकीचे आकडे संघ बदलला की रंग बदलतात, हा तितका बदलत नाही. साधारण पाचातला एक दबाव सॅकमध्ये संपत असेल तर ठीक. चारातला एक म्हणजे काळजी.

पण हा आकडाही वेद नाही. जेडन डॅनिअल्सचं कॉलेजातलं प्रमाण अस्वस्थ करणारं होतं. २०२४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर वॉशिंग्टनने त्याला घेतलं आणि पहिल्याच हंगामात त्याने संघाला १२ विजय मिळवून दिले. म्हणून मोजून झालं की ते प्रसंग डोळ्यांनीही पाहा. पळताना नजर मैदानावर पुढे राहते की समोरून येणाऱ्याकडे खाली जाते? चेंडू बाहेर फेकून द्यायची लाज वाटत नाही ना?

पायरी ४: सोबत कोण होतं?

२०१९ चा एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा) जो बरो घ्या. ७६.३ टक्के अचूकता, ६० टचडाउन, ६ इंटरसेप्शन. आदल्या वर्षी हाच गडी ५७.८ टक्के आणि १६ टचडाउनवर होता. मधे झालं काय? खेळायची पद्धत नवी आली, आणि जमार चेस व जस्टिन जेफरसन हे दोन रिसीव्हर पिकले. म्हणजे सगळं आयतं? शंका रास्त होती. पण सामने पाहिले तर बरोचे पास रिसीव्हर वळायच्या आत सुटत होते आणि दबावाखाली तो पॉकेटमध्येच (लाइनमननी राखलेल्या जागेतच) एक पाऊल सरकून फेकत होता. पायरी दोन आणि तीनमध्ये जे शोधलं ते सगळं तिथे होतं. सिनसिनाटीने त्याला २०२० मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलं ते योग्यच ठरलं.

उलटं उदाहरण पॅट्रिक माहोम्सचं. २०१६ मध्ये त्याचा टेक्सस टेकचा संघ १२ पैकी ७ सामने हरला. पद्धत ‘एअर रेड’, म्हणजे सतत पास फेकायची, तिच्यातून फुगलेले आकडे निघतात अशी ख्याती, त्यामुळे अनेकांनी नाक मुरडलं. आकडे फुगलेले असतीलही, पण चाल मोडल्यावर तो जे करत होता ते कुठल्याही प्रशिक्षकाने फळ्यावर काढून दिलेलं नव्हतं.

आणि जॉश ॲलन. वायोमिंगमध्ये कशीबशी ५६ टक्के अचूकता. मी २०१८ मध्ये त्याला निकालात काढलं होतं, कारण नेम कॉलेजात नसेल तर पुढे येत नाही असं माझं ठाम मत होतं. बफेलोत पहिल्या वर्षी ५२.८ टक्के, तेव्हा मी खूश. तिसऱ्या वर्षी ६९.२. तेव्हापासून ठाम मतं जरा बेताने मांडतो.

पायरी ५: इंडियानापोलिसला पाच मिनिटं द्या, जास्त नाही

दर वर्षी हिवाळ्याच्या अखेरीस इंडियानापोलिसला ड्राफ्टच्या उमेदवारांचं चाचणी-शिबिर, कंबाइन, भरतं. उंची, वजन, पंजा, ४० यार्डांची धाव, सगळं मोजतात. टॉम ब्रेडीला ही धाव पूर्ण करायला ५.२८ सेकंद लागले होते. २००० मध्ये तो सहाव्या फेरीत १९९ वा गेला आणि सात सुपर बोल (लीगच्या अंतिम लढती) जिंकला. ड्र्यू ब्रीझ जेमतेम सहा फुटी म्हणून दुसऱ्या फेरीत ढकलला गेला. बरोचा पंजा जेमतेम ९ इंच भरला तेव्हा त्याने स्वतःच निवृत्तीचा विचार करतोय म्हणून थट्टा उडवली. सी. जे. स्ट्राउडचे एका आकलन चाचणीतले वाईट गुण फुटले, आणि २०२३ चा हंगाम त्याने २३ टचडाउन व ५ इंटरसेप्शनने गाजवला.

ड्राफ्टआधी संघांच्या पारख्यांसमोर विद्यापीठात होणारी प्रदर्शनं तर सोडूनच द्या. २०२१ मध्ये झॅक विल्सनने पळता पळता अंगाविरुद्ध फेकलेला एक लांब पास जगभर फिरला. न्यूयॉर्क जेट्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि तीन हंगामांत ते प्रकरण मिटलं. समोर कुणी अंगावर येणारा नव्हता, एवढंच त्या चित्रफितीत कमी होतं.

पायरी ६: कुठल्या घरात पडतोय?

इथे पारख अर्धवट सोडली तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. ड्राफ्टचा नियम आठवा: सर्वांत चांगला पोरगा सर्वांत वाईट संघाकडे जातो. २००२ मध्ये नव्याने सुरू झालेल्या ह्यूस्टन टेक्सन्सनी डेव्हिड कारला पहिला क्रमांक दिला. पहिल्याच हंगामात तो ७६ वेळा सॅक झाला. त्यानंतर तो कसा असू शकला असता, हे कुणालाच कळलं नाही.

२००५ चा ड्राफ्ट तर या पायरीचा धडाच आहे. ॲलेक्स स्मिथ पहिला, सॅन फ्रान्सिस्कोला, जिथे जवळजवळ दर वर्षी आक्रमणाचा नवा प्रशिक्षक यायचा. ॲरन रॉजर्स घसरत घसरत २४ वा, ग्रीन बेला, जिथे ब्रेट फावरमागे तीन वर्षं बसून शिकायला मिळालं. पुढे याच स्मिथमागे माहोम्स कॅन्सस सिटीत वर्षभर बसला, एक सामना सुरू केला आणि दुसऱ्या वर्षी ५० टचडाउन फेकले. सॅम डार्नल्ड जेट्सकडे बुडाला आणि ड्राफ्टनंतर सहा वर्षांनी मिनेसोटात १४ सामने जिंकून गेला. ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा. पण पडला तो नेमक्या घरात.

म्हणून निवड झाल्यावर तीन गोष्टी तपासा. मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची पक्की आहे का? लाइनमन उभे राहण्याजोगे आहेत का? आणि एखादा जुना क्वार्टरबॅक वर्षभर किल्ला लढवायला आहे का? तीनपैकी दोन उत्तरं ‘नाही’ आली तर आपला अंदाज एक पायरी खाली आणा, पोरगा कितीही आवडो.

पायरी ७: वहीत लिहा, आणि तारीख टाका

‘चालेल’ किंवा ‘नाही चालणार’ असं लिहू नका. दहापैकी सहा, दहापैकी तीन, असं लिहा, आणि खाली एका ओळीत कारण. नाहीतर तीन वर्षांनी आपण आधीच ओळखलं होतं असं प्रत्येकाला वाटतं. तीन हंगाम होईपर्यंत वही उघडायची नाही. मॅनिंगने १९९८ मध्ये २८ इंटरसेप्शन फेकले होते आणि कोल्ट्स १६ पैकी १३ सामने हरले होते. लीफने मात्र पहिले दोन्ही सामने जिंकले होते.