मुलं मोठी होताना बाबाने काय बघायचं आणि ते कसं लिहून ठेवायचं

मला दोन मुलं, मोठी मुलगी साडेचार वर्षांची आणि धाकटा दीड वर्षाचा. मुलगी झाली तेव्हापासून मी एक वही ठेवतोय आणि मित्र नेहमी विचारतात की एवढं लिहितोस काय त्यात, म्हणून जे खरंच उपयोगी पडलं ते इथे सांगतो. फोनमध्ये फोटो हजारो असतात, पण गेल्या आठवड्यात काय जमत नव्हतं आणि आज ते कसं जमलं हे फोटोत दिसत नाही, ते लिहिलेलं असेल तरच सापडतं.

सगळ्यात आधी खाली बसा. खरंच जमिनीवर, मुलाच्या उंचीला, दिवसातून १० मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. त्या १० मिनिटांत काही शिकवायचं नाही आणि "हा रंग कोणता, हे काय" असलंही विचारायचं नाही, कारण विचारायला लागलो की मूल हातातलं काम सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतं. धाकटा साडेनऊ महिन्यांचा असताना मी असाच बसलो होतो, फरशीवर एक दोरा पडला होता. तोपर्यंत असलं काही दिसलं की तो अख्खा पंजा मारायचा आणि मुठीत ओढायचा. त्या दिवशी हात दोऱ्यापर्यंत आणला, थांबला, आणि अंगठा नि शेजारचं बोट यांच्या चिमटीत तो दोरा अलगद उचलला, मग दोऱ्याकडे नाही तर स्वतःच्या बोटांकडे बघत बसला कितीतरी वेळ! ही चिमूट साधारण ९-१० महिन्यांच्या आसपास येते. आणि ती दिसली की त्याच दिवशी स्वतः जमिनीवर आडवं होऊन घर बघा, मणी, नाणी, रिमोटमधले चपटे बटण सेल सगळं उचला, बटण सेल गिळला गेला तर फार घातक असतो, तसं झालं तर एक मिनिटही न थांबता हॉस्पिटल गाठायचं.

लिहिताना काय केलं ते लिहा, कसं वाटलं ते नंतर. "आज खूप हुशारी केली" हे सहा महिन्यांनी वाचलं तर काहीच कळत नाही. माझ्या वहीत मुलीच्या जिना उतरण्याच्याच पाच-सहा नोंदी आहेत: आधी बसून एकेक पायरी घसरत, मग कठडा धरून पण दोन्ही पाय एकाच पायरीवर टेकवून मग पुढची, आणि चार वर्षांची व्हायच्या जरा आधी एका संध्याकाळी एका पायरीवर एक पाय, पुढच्या पायरीवर दुसरा, अशी सरळ उतरून आली. चढताना हेच तिला सव्वातीनलाच जमलं होतं. उतरताना वाकलेल्या एका पायावर सगळं अंग तोलून धरावं लागतं ना, म्हणून ते नंतर येतं.

बोलणं तर जसंच्या तसं लिहा, बोबडं असेल तर बोबडंच, आपण दुरुस्त करून लिहू नका. मुलगी मध्ये कितीतरी महिने "बाबा, मी करलं" म्हणायची. आता घरात कोणीच "करलं" म्हणत नाही, म्हणजे हे तिने ऐकून उचललेलं नाही, धरलं, भरलं ऐकून तिने नियम स्वतःच काढला आणि "कर"ला लावून टाकला. मला तर ही वाढच वाटते, चूक नाही. टोकायचं नाही, "हो, तू केलंस!" एवढं म्हणायचं, बस. "उद्या आपण गेलो होतो ना" हेही असंच, काल-उद्याचा घोळ हळूहळू सुटतो.

उंची मोजायला तीन महिन्यांतून एकदा पुरे. अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला, नजर समोर, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरून पेन्सिलने खूण. दरवेळी सकाळीच मोजा, कारण दिवसभरात पाठीचा कणा दबून संध्याकाळी उंची थोडी कमी भरते. दोन वर्षांच्या आत झोपवून मोजतात, ते डॉक्टरांकडेच करा. वजन साधारण ५ महिन्यांत जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं. पहिल्या वर्षी उंची २५ सेंमीच्या आसपास वाढते, दुसऱ्या वर्षी त्याच्या जेमतेम निम्मी, म्हणून वर्षानंतर भूक कमी झाल्यासारखी वाटते आणि सगळे घाबरतात. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते (भारतासह ६ देशांतल्या मुलांवरून केलेले) वापरा, पण आकडा एकटा बघू नका, १५ वा पर्सेंटाइल म्हणजे नापास नाही, १०० मुलांत साधारण १५ त्याच्यापेक्षा खाली आहेत एवढंच. मूल तक्त्यावरच्या आपल्याच रेषेच्या आसपास चाललंय का ते बघायचं. फ्रान्समध्ये मोंबेयार नावाच्या एका बापाने १७५९ पासून १७७७ पर्यंत दर सहा महिन्यांच्या आसपास आपल्या मुलाची उंची मोजली होती, त्या नोंदी आजही अभ्यासतात. डार्विननेही १८३९ ला जन्मलेल्या आपल्या मुलाची अशीच वही ठेवली होती.

आता तुलना. मुलगी सोळाव्या महिन्यात चालली आणि त्याआधीचे दोन महिने मी नीट झोपलो नाही, जो येईल तो "अजून चालत नाही?" म्हणायचा. त्याच संघटनेच्या अभ्यासात एकट्याने चालायला लागायचं वय ८ पासून जवळजवळ १८ महिन्यांपर्यंत पसरलेलं आहे, आणि काही मुलं गुडघ्यांवर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. हे मला तेव्हा कोणीतरी सांगायला हवं होतं. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय जन्मतारखेपासून नाही, डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या मूळ तारखेपासून धरा.

पण काही गोष्टींत थांबायचं नाही. वर्षाचं होऊनही नावाने हाक मारली की वळत नाही, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही किंवा बोट दाखवून काही मागत नाही, दोन वर्षांना "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नाही, १८ महिने होऊनही चालत नाही, तर डॉक्टरांना दाखवा. आणि आधी येत असलेलं काहीही, शब्द, हसणं, चालणं, कुठल्याही वयात बंद झालं तर लगेच. अशा वेळी वही घेऊन जा, "गेल्या महिन्यात बोलायचा" यापेक्षा तारीख आणि तीन शब्द दाखवले की डॉक्टरांना खूप सोपं जातं.

दोन मुलं असतील तर पानं वेगळी ठेवा, तारखेसोबत महिन्यांत वय टाका. उशिरा सुरू करत असाल तर मागचं आठवून भरू नका, आठवणीतले महिने हमखास चुकतात, आजपासून लिहा. आणि कामावरून घरी यायला रात्र होत असेल तर झोपवण्याची वेळ स्वतःकडे घ्या, दिवसभर न बोललेलं सगळं मुलं अंधारातच बोलतात.