बॅकिंग ट्रॅकवर गिटार रेकॉर्ड करताय? हाताला दोष देण्याआधी या चुका टाळा

गणपतीत भाचा आला होता नाशिकहून, गिटार आणि लॅपटॉप घेऊनच. सोसायटीच्या कार्यक्रमासाठी एका जुन्या गाण्याचा कराओके ट्रॅक लावून त्यावर गिटार रेकॉर्ड करायचं चाललं होतं. आठ-दहा टेक झाले आणि मग तोंड पाडून म्हणाला, "मामा, माझा हात उशिरा पडतोय. कितीही तालात वाजवलं तरी ऐकताना मागेच." मी फोनवर तोच ट्रॅक लावला, त्याला समोर बसवून वाजवायला लावलं, आणि पोरगं अगदी तालात वाजवत होतं.

मग त्याचा टेक स्क्रीनवर मोठा करून बघितला. वरच्या ट्रॅकमध्ये स्नेअरचं (ड्रमच्या कडक ठोक्याचं) टोक, खाली गिटारच्या स्ट्रमची सुरुवात, आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर रिकामी जागा. पहिल्या ठोक्याला जेवढी, तेवढीच अंतऱ्यात आणि तेवढीच शेवटच्या कडव्यात. आता माणूस चुकतो तेव्हा कधी मागे पडतो, कधी पुढे पळतो, दर वेळी मोजून तेवढंच मागे पडणं कुणाला ठरवूनसुद्धा जमत नाही, म्हणजे हे काम कॉम्प्युटरचं. मी स्वतः यात दोन महिने घालवलेत, रोज मेट्रोनोम लावून बसायचो आणि दोष हातात नव्हताच, म्हणून एवढं तळमळून लिहितोय. कित्येक चांगले वाजवणारे इथेच नाद सोडतात.

आधी ती रिकामी जागा वाचा

फरक सगळीकडे सारखा असेल तर सेटिंगचा दोष. कधी जास्त कधी कमी असेल तर बहुतेक आपला हात, किंवा वाजवताना कानात आवाज उशिरा येतोय म्हणून हात गोंधळतोय. आणि सुरुवातीला बरोबर असून गाणं पुढे जाईल तसा फरक वाढत जात असेल तर दोन वेगळी डिव्हाइसं वापरताय. म्हणजे रेकॉर्डिंग यूएसबी माइकवर आणि ऐकताय लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून. दोघांची घड्याळं वेगळी, किंचित पुढेमागे चालणारी, त्यामुळे चार-पाच मिनिटांच्या गाण्यात ते ऐकू येण्याइतकं सरकू शकतं. उपाय सोपा आहे, हेडफोन त्याच इंटरफेसला (गिटार-माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीला) किंवा त्याच यूएसबी माइकला लावा.

सारख्या फरकाचा उपाय तर दहा मिनिटांचा आहे आणि तोच कुणी करत नाही. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये लेटन्सी कॉम्पेन्सेशन नावाचा एक आकडा असतो, रेकॉर्ड झालेलं किती आधी सरकवायचं ते सांगणारा, न बदलता तो -१३० मिलिसेकंद असतो आणि तुमच्या मशीनला तो बरोबर असेलच असं काही नाही. जनरेट मेनूमधून ऱ्हिदम ट्रॅक काढा, म्हणजे नुसती टिकटिक मिळेल. आता इलेक्ट्रिक गिटार असेल तर हेडफोनचा एक कप सरळ पिकअपवर (तारांखालच्या चुंबकाच्या पट्टीवर) टेकवा. हो, खरंच टेकवा, हेडफोनच्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र पिकअप पकडतो आणि टिकटिक रेकॉर्ड होते. अकूस्टिक असेल तर कप माइकजवळ धरा. रेकॉर्ड करा, मोठं करून बघा, मूळ टिक आणि रेकॉर्ड झालेली टिक यात किती अंतर आहे ते मोजा. भाच्याच्या लॅपटॉपवर ४५ मिलिसेकंद उशीर निघाला, म्हणून -१३० चं -१७५ केलं. रेकॉर्ड झालेलं उलट आधी येत असेल तर आकडा तेवढा शून्याकडे आणायचा. बदलून परत एकदा टिकटिक रेकॉर्ड करा, दोन टोकं एकाखाली एक आली की झालं. रीपरसारख्या प्रोग्रॅममध्ये ड्रायव्हर (इंटरफेस चालवणारं सॉफ्टवेअर) सांगतो तेवढा उशीर आपोआप कापायची सोय असते, पण ड्रायव्हरही चुकीचं सांगू शकतो, तेव्हा तिथेही एकदा मोजाच.

वाजवतानाच आवाज उशिरा येतोय

हे वेगळं दुखणं आहे, वरच्याशी गल्लत करू नका. सगळ्यात पहिलं, ब्लूटूथ हेडफोन काढा. त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज असतो, गाणी ऐकायला कळत नाही पण वाजवायला बसलात की सगळं घसरतं. वायरचा हेडफोन घ्या, स्वस्तातला चालेल, फक्त कान पूर्ण झाकणारा घ्या, नाहीतर ट्रॅकचा आवाज माइकमध्ये गळतो आणि मग तो काढता येत नाही.

दुसरं म्हणजे बफर, कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे जेवढे तुकडे (सॅम्पल) गोळा करून पुढे पाठवतो तो गठ्ठा. ४४१०० सॅम्पल रेटला (सेकंदाला तेवढे तुकडे) १२८ चा बफर म्हणजे साधारण ३ मिलिसेकंद आणि १०२४ चा म्हणजे २३, आणि हे एका बाजूचं, आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा असं दोनदा लागतं, वर ड्रायव्हरचा वेगळा वेळ. एकूण १० मिलिसेकंदांच्या आत आलात तर काळजी नको. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंद हा साडेतीन मीटरवर ठेवलेला अ‍ॅम्प झाला, तसं तर आपण स्टेजवर वाजवतोच. विंडोजवर इंटरफेससोबत आलेला एएसआयओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर टाका आणि प्रोग्रॅममध्ये तोच निवडा. तडतड यायला लागली तर बफर १२८ वरून २५६ करा, वायफाय बंद करा, ब्राउझर बंद करा. मिक्स करायला बसलात की १०२४, तेव्हा उशिराचा काही त्रास नाही.

आणि गिटार दोनदा ऐकू येतेय, पोकळ, पाइपमधून आल्यासारखी? तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर (गिटार थेट हेडफोनला) आणि प्रोग्रॅमचं मॉनिटरिंग (गिटार कॉम्प्युटरमधून फिरून) दोन्ही चालू आहे. एक बंद करा. ऑडॅसिटीत वाजवतानाच अ‍ॅम्पच्या प्लगिनचा (अॅम्पची नक्कल करणाऱ्या जोड-प्रोग्रॅमचा) आवाज ऐकायचा हट्ट धरू नका, त्याचे इफेक्ट रेकॉर्ड झालेलं परत वाजवताना लागतात, आत येणाऱ्या आवाजाला नाही. त्यासाठी रीपर किंवा मॅकवर गॅरेजबँड बरं.

पट्टी

आपल्याकडे ट्रॅक देणारा सांगतो "काळी एक" आणि गिटारवाला सीची पोझिशन धरून बसतो. काळी एक म्हणजे सी शार्प. कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर लावा आणि सीचे कॉर्डचे आकार वाजवा. काळी दोन असेल तर डीचे आकार आणि कॅपो पहिल्या फ्रेटवर, काळी चार असेल तर जीचे आकार आणि कॅपो पहिल्यावरच.

पण जुन्या गाण्यांचे ट्रॅक कधीकधी पट्ट्यांच्या मध्येच लोंबकळत असतात, टेपवरून उतरवलेले, कुणी स्पीड किंचित वाढवलेला. गिटार ट्यूनरवर अगदी बरोबर आणि ट्रॅकसोबत मात्र कानाला टोचते, मग माणूस तारा बदलतो, गिटार दुरुस्तीला नेतो. ट्यूनरचा रेफरन्स (ए सुराचे हर्ट्झ) ४४० वरून ४४५ केला तर गिटार साधारण २० सेंट (एका पट्टीचे शंभर सेंट) वर जाते, असं एकेक करत ट्रॅकच्या बेसला जुळवा. आणि ट्रॅक जवळजवळ दीड पट्टी वर गेलाय, थोडा जलदही वाटतोय, असं झालं तर ४४१०० ची फाइल ४८००० ने वाजतेय. इंटरफेस, विंडोज आणि प्रोजेक्ट तिन्हीकडे एकच आकडा ठेवा. तिथे कॅपोने काही होणार नाही.

ट्रॅकची आणखी एक खोच. एमपीथ्रीवर वाजवून घेतलं आणि मिक्सच्या वेळी कुणीतरी चांगली वेव्ह फाइल पाठवली म्हणून ती बदलून टाकली, तर सगळं सरकू शकतं. एमपीथ्री बनवताना आणि उलगडताना सुरुवातीला थोडी शांतता घुसते, लेम या एमपीथ्री बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मिळून ११०५ सॅम्पल, म्हणजे सुमारे २५ मिलिसेकंद, आणि ती कापली जाते की नाही हे प्रोग्रॅमवर अवलंबून. म्हणून आधीच वेव्ह मागवा, नसेल तर एमपीथ्री एकदा वेव्ह करून घ्या आणि शेवटपर्यंत तीच वापरा.

आवाजच मेलाय

गिटार बारीक, पांघरुणाखालून आल्यासारखी वाटत असेल तर केबल माइकच्या किंवा लाइनच्या इनपुटला आहे. इंटरफेसवर इन्स्ट किंवा हाय-झेड लिहिलेलं बटण असतं ते दाबा, गिटारच्या साध्या पिकअपला साधारण एक मेगाओहमचा इनपुट लागतो, नाहीतर ट्रेबल गळून पडतो. डिस्टॉर्शन लावल्यावर माशा घोंघावल्यासारखं येत असेल तर अ‍ॅम्पच्या प्लगिननंतर कॅबिनेट (स्पीकरच्या पेटीची नक्कल) लावायचं राहिलंय. आवाज नुसता डाव्या कानात असेल तर स्टिरिओऐवजी मोनो ट्रॅकवर रेकॉर्ड करा.

लेव्हलला घाबरू नका. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर सगळ्यात जोरात वाजवल्यावर टोक -१२ डीबीच्या आसपास आलं तरी भरपूर झालं. लोक शून्यापर्यंत ढकलतात कारण ट्रॅक जोरात ऐकू येतो आणि गिटार दबते. अहो, ट्रॅक आधीच मास्टर होऊन, म्हणजे जोरात करूनच आलाय, त्यालाच ८-१० डीबी खाली आणा. फाटलेला आवाज परत शिवता येत नाही.

आणि एक फार छळणारी गोष्ट, लॅपटॉपचं नॉइज सप्रेशन. मीटिंगसाठी केलेलं असतं ते, लांबवलेला सूर त्याला पंख्याचा आवाज वाटतो आणि तो हळूहळू गिळतो. नोट वाजते, अर्ध्या सेकंदात विरून जाते, माणूस गिटारला सस्टेन नाही म्हणतो. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन एन्हान्समेंट्स बंद करा, लॅपटॉप कंपनीचं ऑडिओ अ‍ॅप असेल तर त्यातही.

घूं आवाज येतो तो ५० हर्ट्झचा. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, गेला तर अर्थिंगचा प्रश्न, तीन पिनांचं चांगलं सॉकेट शोधा आणि अर्थची पिन कधीही कापू नका, त्यात जिवाला धोका आहे. सिंगल कॉइल पिकअप असेल तर खुर्ची फिरवून बघा, एखाद्या कोनात तो निम्म्याने कमी होतो. अकूस्टिकला माइक बाराव्या फ्रेटसमोर, वीतभर अंतरावर, भोकासमोर नाही. पंखा बंद, आणि कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्यावर.

भाच्याने त्याच संध्याकाळी दोन टेकमध्ये गाणं केलं, दुसरा ठेवला. -१७५ हा आकडा चिकटपट्टीवर लिहून लॅपटॉपच्या झाकणाच्या आत चिकटवलाय, शेजारी बफर आणि सॅम्पल रेटही. यातलं काहीही बदललं की पट्टी काढून परत टिकटिक मोजायची, एवढं त्याने कबूल केलंय.